आजीचं पानदान आणि बीदरची माती

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. दहावी १९९६ ची तुकडी.)



संयोजकांनी मला महिन्याभरापूर्वी सांगितलं होतं, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोल, मुलांना उपयोग होईल." मी हो म्हटलं, तयारीही केली. पण परवा पुण्याहून निघताना बॅगेत एक डबा ठेवला आणि विषय बदलला. संयोजकांची माफी मागते. कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल ज्यांना विचारायचंय त्यांनी जेवणाच्या पंगतीत माझ्या शेजारी बसावं.

हा तो डबा. मागच्या रांगेतून दिसत नसेल. भाषण संपलं की हातोहात फिरवा. जड आहे, दोन्ही हातांनी धरा. तांब्या-पितळेचं भांडं पडलं तर त्याला पोचा येतो. हे पडलं तर तडकतं.

हे माझ्या आजीचं पानदान. काळ्याभोर धातूवर चांदीची वेल, झाकणावर आठ पाकळ्यांचं फूल, आत चुना, कात, सुपारी, लवंग ठेवायचे कप्पे. माहूरच्या माणसाला पानाचं महत्त्व सांगायला नको. आपल्या रेणुकामातेचा प्रसादच तांबुलाचा. गडावरून आलेला तांबूल आजी आधी डोळ्यांना लावायची, मग आम्हाला चिमूट चिमूट द्यायची, आणि दुपारी स्वतःचं पान मात्र या डब्यातलं खायची.

डबा आला बीदरहून. माझे आजोबा निजामाच्या राज्यात महसूल खात्यात कारकून होते. इथल्या मुलांना कदाचित माहीत नसेल, त्या काळी आपला किनवट-माहूरचा भाग आदिलाबाद जिल्ह्यात होता, आणि उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्यात. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हे सगळे तालुके मराठी मुलखाबरोबर इकडं आले. आजोबांची नेमणूक उदगीरला होती, त्यामुळं कामासाठी बीदरच्या खेपा व्हायच्या. अशाच एका खेपेत त्यांनी आजीसाठी हे घेतलं. मराठवाड्यातल्या जुन्या घरांत अशी एखादी बिदरी वस्तू असायची. पानदान, सुरई, पिकदाणी, हुक्क्याचं बूड. तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर अजूनही असेल. म्हणून पुढची गोष्ट नीट ऐका.

मी सातवीत होते. नवरात्र दोन दिवसांवर आलं होतं. आपल्या गावात नवरात्र म्हणजे काय असतं ते तुम्हाला माहीत आहे. पाहुणे, यात्रेकरू, घराघरांत घासपूस. आईनं देवाची भांडी काढून दिली आणि सांगितलं, चिंच आणि राख लावून लख्ख घास. समया झाल्या, ताम्हण झालं, तांबे झाले. हातात चिंच उरली होती आणि समोर आजीचं पानदान दिसलं. काळं कुळकुळीत. मला वाटलं, याच्यावर तर वर्षानुवर्षांची काजळी बसलीय. मी ते घासलं. चांगलं अर्धा तास घासलं. काळा रंग निघत होता तसतसा मला हुरूप येत होता. धुऊन पाहिलं तर भांडं राखाडी, चट्ट्याचट्ट्याचं झालेलं, आणि चांदीची वेल त्यात हरवलेली. पांढऱ्यावर पांढरं कसं दिसणार? झाकणावरचं एक चांदीचं पानही निघून मोरीत गेलं होतं.

आजी रागावली नाही. डबा उलटसुलट करून बघितला आणि एवढंच म्हणाली, "आगं, ती काजळी न्हवती. ती त्याची कांती हुती."

त्यानंतर तिनं तो डबा वापरला नाही. स्टीलच्या डबीत पान ठेवायला लागली. पानदान ट्रंकेत गेलं. मी दहावी झाले, नांदेडला इंजिनीअरिंग केलं, पुण्याला नोकरी लागली, आजी गेली. ट्रंक तशीच होती.

आता थोडं लांब जाते. २०१५ च्या हिवाळ्यात कंपनीच्या कामासाठी तीन महिने दक्षिण कोरियात होते. सुट्टीच्या दिवशी सोलमधल्या राष्ट्रीय संग्रहालयात गेले. कोरियाची चिनी मातीची भांडी जगात नावाजलेली आहेत, तेव्हा ती बघायची, फोटो काढायचे, परत यायचं, एवढाच बेत. एका काचेच्या कपाटासमोर पाय थांबले. आत बाराव्या शतकातली काशाची झारी होती. उंच, निमुळत्या मानेची. काशाला हिरवा गंज चढलेला, आणि त्या हिरव्यावर चांदीच्या तारेनं काढलेली झुकलेली झाडं आणि पाण्यातले पक्षी. खाली इंग्रजी पाटी होती आणि पाटीवर शब्द होता, कुंडिका.

आपलाच शब्द. संस्कृत कुंडिका म्हणजे पाण्याचं भांडं, कमंडलूच्या जातीतलं. इथं दत्तशिखरावर ज्यांनी लहानपण काढलं त्यांना कमंडलू काय दाखवायचा? बौद्ध भिक्षूंबरोबर हे पाण्याचं भांडं भारतातून चीनला आणि तिथून कोरियाला गेलं. कोरियन कारागिरांनी त्याच्यावर त्यांची झाडं आणि त्यांचे पक्षी काढले. पण मी थांबले ती शब्दामुळं नाही. चांदी ज्या तऱ्हेनं त्या धातूत बसली होती, ती तऱ्हा मी ओळखली. वर चिकटवलेली नव्हे. धातू खोदून, त्या चरीत तार ठोकून बसवलेली. मला आजीचा डबा दिसला.

आणि मग शेजारच्या दालनात गेले तेव्हा तीच तऱ्हा मातीत दिसली. कोरियात गोर्यो घराण्याचं राज्य ९१८ ते १३९२ पर्यंत होतं. त्या काळची हिरवट, जेडच्या दगडासारख्या रंगाची भांडी प्रसिद्ध आहेत. ११२३ साली चीनचा एक राजदूत तिथं आला होता, शू चिंग नावाचा. चीन म्हणजे या कलेचं माहेर, आणि तिथला माणूस कोरियन भांड्यांच्या रंगाची तारीफ लिहून ठेवतो, यावरून काय ते समजा. हा हिरवा रंग म्हणजे लेप नाही. झिलईत अगदी थोडं लोह असतं, आणि भट्टीत हवा कोंडली की त्या लोहाचा असा रंग उतरतो. हवा जास्त झाली तर तेच भांडं पिवळट-तपकिरी होतं.

बाराव्या शतकात या कुंभारांनी जे केलं त्याला ते सांगगाम म्हणतात. भांडं अर्धवट वाळलं, चामड्यासारखं झालं की त्यावर नक्षी कोरायची. कोरलेल्या चरीत पांढरी माती भरायची, दुसऱ्या चरीत लोहाची लाल माती, जी भाजल्यावर काळी होते. वरचं जास्तीचं खरवडून टाकायचं. एकदा भाजायचं, झिलई द्यायची, पुन्हा भाजायचं. मग हिरव्या झिलईखाली पांढरे करकोचे आणि ढग दिसायला लागतात. यात एक मेख आहे. भरलेली माती आणि भांड्याची माती वाळताना आणि भाजताना सारख्याच प्रमाणात आकसली पाहिजे. नाही तर करकोचा भांड्यातून सुटून बाहेर येतो. काशात चांदी ठोकण्याची रीत कोरियात आधीपासून होती. तिला इप्सा म्हणतात. धातूवरचं हे काम डोळ्यांसमोर असलेल्या कुंभारांनी तो विचार मातीत आणला.

मी त्या दालनात दोन तास होते. परतताना मनात एकच गोष्ट होती. पाच हजार किलोमीटरहून जास्त लांब येऊन मी जे बघतेय, त्याच घराण्यातली वस्तू मी सातवीत चिंचेनं घासून बिघडवली आणि ती अजून ट्रंकेत आहे.

पुढच्या दिवाळीत डबा घेऊन बीदरला गेले. नांदेडहून बेंगळुरूची गाडी परभणी, परळी, लातूर रोड, उदगीर, भालकी करत बीदरला जाते. भालकीपर्यंत डब्यात मराठीच चालू होतं. बीदर आपल्याला परकं नाही. पंधराव्या शतकात ते बहमनींच्या राजधानीचं शहर होतं आणि आपलं माहूर त्याच राज्यात होतं. तिथला वजीर महमूद गावान यानं राज्याच्या चार तरफांच्या आठ केल्या, तेव्हा वऱ्हाडच्या दोन झाल्या. एक गाविलगड आणि दुसरी माहूर. त्याच गावाननं १४७२ साली बीदरला मदरसा बांधला. इमारत १६९६ च्या स्फोटात निम्मी पडली, पण उरलेल्या भिंतीवर आणि मिनारावर निळ्या-पांढऱ्या झिलईच्या इराणी धाटणीच्या फरशा अजून आहेत. ऊन पडलं की चमकतात. इराणी कारागीर बीदरला येत होते हे त्या भिंतीवरच लिहिलेलं आहे. बिदरी कामाचीही कहाणी अशीच सांगतात, की अहमदशाह वली बहमनीच्या काळी अब्दुल्ला बिन कैसर नावाचा इराणी कारागीर आला आणि त्यानं हे काम इथल्या लोकांना शिकवलं.

चौबाऱ्याजवळच्या गल्लीत विचारत विचारत एका म्हाताऱ्या कारागिरांच्या घरी पोचले. नाव सांगत नाही, त्यांना ते आवडणार नाही. मी त्यांना चाचा म्हणते. त्यांनी पानदान हातात घेतलं, खिडकीपाशी नेलं, अंगठा फिरवला आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "इसकू इमली से कैकू घिसे?"

पंचवीस वर्षांपूर्वीची चिंच त्यांना दिसली. मी म्हटलं, "मैंच घिसी, चाचा. छोटी थी." ते हसले. म्हणाले, बस.

मी दोन दिवस बसले. काम कसं होतं ते सांगते, कारण हे शाळेत कुणी शिकवत नाही. मूळ भांडं जस्ताचं. त्यात थोडं तांबं, साधारण सोळा भाग जस्ताला एक भाग तांबं. साचा मातीचा, त्यात एरंडेल आणि राळ मळलेली. ओतलेलं भांडं कानशीनं घासून गुळगुळीत करायचं. मग मोरचुदाचं पाणी चोळायचं, म्हणजे पांढरट धातू तात्पुरता काळा होतो आणि त्यावर सळईनं काढलेली रेघ दिसते. नक्षी हातानंच काढतात, छाप नाही. मग छोट्या छिन्नीनं ती रेघ खोदायची. खोदलेल्या चरीत शुद्ध चांदीची तार किंवा पत्र्याचा तुकडा ठेवून हातोडीनं बसवायचा. तारेच्या कामाला तारकशी म्हणतात, पत्र्याच्या कामाला तहनिशान. गोंद नाही, डाग नाही. चांदी मऊ असते, ठोकली की चरीच्या कडांत पसरते आणि तिथंच अडकते. नंतर सगळं भांडं घासून चकचकीत करतात, आणि तेव्हा ते अगदी माझ्या सातवीतल्या पराक्रमासारखं दिसतं. पांढऱ्यावर पांढरं. नक्षी असून दिसत नाही.

शेवटी माती. बीदरच्या किल्ल्यातल्या ज्या जुन्या जागी वर्षानुवर्षं ऊन-पाऊस पोचलेला नाही, तिथली माती कारागीर वापरतात. तिच्यात क्षार असतात, नायट्रेट असतं. ती नवसागराबरोबर पाण्यात कालवायची, भांडं थोडं तापवायचं आणि तो लेप चोळायचा. बघता बघता धातू काळा होतो, कायमचा. चांदीला मात्र काहीच होत नाही. ती माती जस्त-तांब्याला धरते आणि चांदीला सोडून देते. मग धुऊन, पुसून, तेलाचा हात द्यायचा.

मी इंजिनीअर. माझ्या व्यवसायात कुणी काम सोडून जाणार असला की त्याच्याकडून सगळं लिहून घ्यायची पद्धत आहे. मी वही काढली. विचारलं, नवसागर किती? "अंदाज से." भांडं किती तापवायचं? "हात सहे उतना." माती कुठली चांगली, हे कसं ओळखायचं? चाचांनी एका पुडीतली चिमूट जिभेवर ठेवली, थुंकले, पुडी बाजूला सारली. दुसऱ्या पुडीतली ठेवली, मान हलवली. मी विचारलं, चव कशी असते चांगल्या मातीची? म्हणाले, "चख के देखो." मी दोन्ही चाखल्या. दोन्ही वेळा मला मातीच लागली.

वहीची दोन पानं भरली होती. त्या पानांवरून कुणालाही पानदान काळं करता आलं नसतं. मलाही नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चाचांनी मोरीत गेलेल्या पानाच्या जागी नवी चांदी ठोकली, लेप चोळला, धुतलं, आणि डबा माझ्या हातात दिला. आजीच्या वेळचा डबा. मी काही बोलू शकले नाही. त्यांनी मागितले त्याच्या दुप्पट पैसे देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत.

मग त्यांनी कपाटातून एक फाइल काढली. म्हणाले, "बेटी, तुम कंप्यूटर में है ना? मेरे बेटे का बायोडाटा देखो."

मुलगा डिप्लोमा करून बसला होता, नोकरी लागत नव्हती. खरं सांगते, त्या क्षणी मला वाईट वाटलं. दोन दिवस मी मनातल्या मनात ही कला वाचली पाहिजे, चाचांच्या जिभेवरचं ज्ञान पुढं गेलं पाहिजे, असले विचार करत होते. आणि ज्याच्याकडं ते जायचं तोच मुलगा मला इथून बाहेर काढा म्हणत होता. आणि ते सांगत होता त्याचा बाप.

रात्री लॉजवर बसून विचार केला. मी माहूर सोडलं तेव्हा मला कुणी अडवलं होतं का? माझ्या आजोबांची वही, वडिलांची शेती, आईचा हातचा स्वयंपाक, यातलं मी काय पुढं नेलं? मला पुण्यात वातानुकूलित ऑफिस चालतं, आणि त्या मुलानं मात्र बीदरच्या अंधाऱ्या खोलीत छिन्नी घेऊन बसावं, म्हणजे माझा डबा काळा राहील? हा हिशेब बरोबर नाही. मी बायोडेटा दुरुस्त केला, दोन ठिकाणी पाठवला. मुलगा आज हैदराबादला नोकरीत आहे. चांगलं चाललंय त्याचं.

पण प्रश्न सुटला नाही. कोरियाचं पुढचं जे वाचलं ते इथं सांगते. गोर्यो राज्य गेलं, त्याबरोबर हिरव्या भांड्यांची कलाही मागं पडली. सोळाव्या शतकाच्या शेवटी, १५९२ ते १५९८ या काळात जपाननं कोरियावर स्वाऱ्या केल्या आणि परत जाताना कुंभारांची घरंच्या घरं उचलून नेली. जपानच्या अरिता गावात चिनी मातीचा धंदा उभा राहिला तो अशाच एका कोरियन कुंभारामुळं, असं तिथले लोक मानतात. भांडं नेलं तर एक भांडं जातं; कुंभार नेला तर भट्टी जाते, हे त्या सैन्याला बरोबर कळलं होतं. कोरियात ती हिरवी झिलई पुन्हा साधायला विसावं शतक उजाडलं. यू गुन-ह्यॉंग यांच्यासारख्या कुंभारांनी जुन्या भट्ट्यांच्या जागी पडलेली खापरं गोळा केली आणि त्या खापरांवरून मागं मागं जात, प्रयोग करत करत आयुष्य घालवलं. लिहून ठेवलेलं कुणाकडं फारसं काही नव्हतं. एक पिढी तुटली की पुढच्यांना खापरं वेचावी लागतात.

त्या देशानं यातून एक धडा घेतला. १९६२ साली कायदा केला. वस्तूंबरोबर त्या वस्तू करणाऱ्या हातांनाही राष्ट्राचा वारसा ठरवलं. चांदीचं इप्सा काम करणारे, चिनी मातीची भांडी करणारे कारागीर यादीत घेतले. त्यांना सरकार मानधन देतं, आणि बदल्यात एक अट घालतं, शिष्य तयार करायचे. सोलजवळचं इचॉन हे कुंभारांचं शहर २०१० साली युनेस्कोच्या हस्तकलेच्या शहरांत गेलं. तिथं भट्टी लावणाऱ्या तरुण पोरांना कुणी 'नोकरी लागली नाही का' असं विचारत नाही, असं मला तिथल्या सहकाऱ्यानं सांगितलं होतं.

आपल्याकडं काहीच नाही असं नाही. बिदरी कामाला २००६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. शाह रशीद अहमद कादरी या बीदरच्या कारागिरांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, चाचांच्या गल्लीत त्या दिवशी मिठाई वाटली गेली. पण पदक एकाला मिळतं. गल्लीतल्या बाकीच्यांना लागतं ते काम, आणि कामाचे वेळेवर पैसे.

म्हणून आता आपल्या बॅचबद्दल. तीन महिन्यांपूर्वी आपल्या ग्रुपवर वाद झाला होता, आठवत असेल. निवृत्त सर आणि बाईंना काय द्यायचं? ॲक्रिलिकचं स्मृतिचिन्ह, शाल, श्रीफळ असा ठराव जवळजवळ झाला होता. मी म्हटलं, बिदरी डबी देऊ. कुणी म्हटलं महाग पडेल, कुणी म्हटलं काळी वस्तू शुभकार्यात नको, कुणी म्हटलं एवढ्या उशिरा कोण करून देणार. शेवटी तुम्ही माझं ऐकलंत, वर्गणी वाढवून दिलीत. त्याबद्दल सगळ्यांचे आभार.

ऑर्डर द्यायला मी पुन्हा बीदरला गेले. चाचांना म्हटलं, अकरा डब्या पाहिजेत, झाकणावर एकेक वेल. ते म्हणाले, आता माझी नजर बारीक कामाला चालत नाही, तारेचं काम ती करेल. आणि आतल्या खोलीकडं हाक मारली. त्यांची मोठी मुलगी बाहेर आली. हातात हातोडी होती. मी तिला ओळखलं. पहिल्या खेपेला मी दोन दिवस तिथं बसले होते, तेव्हा चहा तिनंच आणून दिला होता. आणि चहाच्या मधल्या वेळात आत बसून तार ठोकत होती तीही तीच. लग्नाआधीपासून करतेय. आजीच्या पानदानावरचं नवं पान तिनं बसवलेलं होतं. मी चाचांच्या हातून घेतलं म्हणून चाचांचं समजले.

तुमच्यानंतर कोण, असं मी तेव्हा चाचांना विचारलं होतं. ते म्हणाले होते, बेटा तो जाएगा. मीही मुलाचाच विचार करत रात्रभर बसले होते. ऑफिसात टीममध्ये मुली किती म्हणून भांडणारी मी, आणि मला त्या घरातली बाई दिसली नाही. सातवीत मला काळा रंग मळ वाटला होता. तिशी उलटल्यावरही माझी नजर फार सुधारली होती असं नाही.

तिला मी विचारलं, माती चाखता येते का? ती म्हणाली, "अब्बा से अच्छी." चाचा हसले, नाही म्हणाले नाहीत.

तिनं मला दोन गोष्टी सांगितल्या, त्या जशाच्या तशा तुमच्यापुढं ठेवते. एक, निम्मे पैसे आगाऊ द्या, कारण चांदी रोखीनं घ्यावी लागते आणि चांदीचा भाव बघताय ना. दुसरी, अकरा डब्यांना दोन महिने लागतील. तीन आठवड्यांत पाहिजे असतील तर बाजारात छापाच्या मिळतील, त्या घ्या.

मी निम्मे पैसे दिले आणि दोन महिने मान्य केले. ग्रुपला विचारलं नाही, त्याची माफी. त्यामुळं सर, बाई, आज तुमच्या हातात आम्ही नुसतं पाकीट देणार आहोत. आत एक चिठ्ठी आहे. डबी संक्रांतीच्या सुमाराला येईल, आणि ती पोस्टानं येणार नाही. आपल्या बॅचचं कुणीतरी घरी येऊन हातात देईल. तेवढंच पाया पडणं होईल. तुम्ही आम्हाला दहा वर्षं दिलीत, आम्ही तुमच्याकडं दोन महिने मागतोय.

शाळेला एक विनंती आहे. मुख्याध्यापक सरांशी बोलले आहे, ते हो म्हणाले आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी चाचांची मुलगी दोन दिवस शाळेत येईल. तिचं येणं-जाणं, राहणं आणि मानधन आमची बॅच देईल. आठवी-नववीच्या मुलामुलींना ती छिन्नी धरायला शिकवेल. दोन दिवसांत कुणी कारागीर होणार नाही. पण एखाद्या मुलाला चर कशी खोदतात ते हाताला कळेल, आणि घरी गेल्यावर माळ्यावरच्या काळ्या डब्याकडं तो नीट बघेल. सगळ्या मुलांनी हाच धंदा करावा असं मी म्हणत नाही. ज्याला करावासा वाटेल त्याला तो करता यावा, आणि करणाऱ्याचं घर चालावं.

शेवटची सूचना, डबी मिळणाऱ्या सर आणि बाईंसाठी, आणि ज्यांच्या माळ्यावर बिदरी वस्तू असेल त्यांच्यासाठी. ती पाण्यात भिजवू नका. साबण, लिंबू, राख, भांड्याची पावडर, काहीही लावू नका. कोरड्या मऊ फडक्यानं पुसा. काळा रंग फिका वाटला तर खोबरेल तेलाचा एक थेंब बोटावर घेऊन चोळा आणि पुसून टाका. चांदी काळवंडली तर तेवढीच हलक्या हातानं पुसा. आणि नवरात्राच्या आधी घरातल्या नातवंडांना सांगून ठेवा की चिंच कशाला लावायची आणि कशाला नाही.

आता हा डबा पहिल्या रांगेतून फिरवायला घेते. आत सुपारी आहे, लवंग आहे, आणि आज सकाळी गडावरून आणलेला तांबूल आहे. आजीच्या पद्धतीनं आधी डोळ्यांना लावा, मग घ्या. चिमूटभरच घ्या, मागच्या रांगेपर्यंत पुरायचाय.